विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (जन्म: २५ जानेवारी, १७९०, मृत्यू: १६ जून, १८७२, लंडन) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, निसर्गवैज्ञानिक, संख्याशास्त्रज्ञ आणि ब्रिटिश संसद सदस्य होते. दख्खनच्या पठारावरील पक्षी, सस्तन प्राणी आणि गोड्या पाण्यातील मासे यांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय वर्णने त्यांच्या नावावर आहेत. भीमा, मुळा-मुठा, घोड आणि इंद्रायणी या नद्यांतील अनेक मासे विज्ञानाला प्रथम त्यांच्यामुळे ज्ञात झाले. या माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी बहुतेक ठिकाणी स्थानिक मराठी नावेच लॅटिन नामावलीत घेतली. त्यामुळे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी नदीकाठी रूढ असलेली मत्स्यनावे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रीय ग्रंथांत टिकून आहेत.

सुरुवातीचे जीवन

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव सॅम्युएल साइक्स असे होते. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी, १८०३ मध्ये, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कॅडेट म्हणून दाखल झाले आणि १ मे, १८०४ रोजी त्यांना अधिकारपद मिळाले. त्यांची नेमणूक मुंबई लष्करात झाली. त्या काळी कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकण्यास उत्तेजन दिले जात असे. साइक्स यांनी हिंदुस्तानी आणि मराठी या दोन्ही भाषा आत्मसात केल्या. नामसंग्रहाच्या त्यांच्या पुढील कामात मराठीचे हे ज्ञान निर्णायक ठरले.

लष्करी कारकीर्द

१८०५ मध्ये लॉर्ड लेक यांच्या नेतृत्वाखाली भरतपूरच्या किल्ल्याला पडलेल्या वेढ्यात साइक्स यांनी भाग घेतला. १८१७ ते १८२० या काळात ते दख्खनमध्ये होते. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात खडकी येथे ५ नोव्हेंबर, १८१७ रोजी झालेल्या लढाईत आणि त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत ते कंपनीच्या बाजूने लढले. पेशवाईच्या अस्तानंतर डोंगरी किल्ले ताब्यात घेण्याच्या मोहिमांतही त्यांचा सहभाग होता. जानेवारी १८१९ मध्ये त्यांना कॅप्टनपद मिळाले.

१८२० मध्ये ते रजेवर युरोपात गेले आणि सुमारे चार वर्षे त्यांनी तेथील विविध देशांत प्रवास केला. १८२४ मध्ये त्यांचा एलिझाबेथ हे यांच्याशी विवाह झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ते भारतात परतले.

सांख्यिकी निवेदक

साइक्स परतले तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते. पेशव्यांकडून मिळालेल्या प्रदेशाची लोकसंख्या, शेती, जमिनीचे हक्क, कर, हवामान आणि नैसर्गिक संपत्ती यांची एकत्रित माहिती कंपनी सरकारकडे नव्हती. ती गोळा करण्यासाठी एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी निवेदक म्हणून नेमले.

त्यानंतरची सुमारे सहा वर्षे साइक्स यांनी पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांच्या पाहणीत घालविली. याच काळात त्यांनी दख्खनच्या लोकसंख्येची गणना केली. विस्तृत सांख्यिकी अहवालांबरोबरच प्रदेशाच्या निसर्गाचा सचित्र अहवालही त्यांनी तयार केला. ८ सप्टेंबर, १८२६ रोजी त्यांना मेजरपद मिळाले.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने सांख्यिकी निवेदकाचे पद रद्द केले. हाती घेतलेले काम तोपर्यंत अपुरेच होते. साइक्स यांनी लष्करी कामातून रजा घेतली आणि जानेवारी १८३१ पर्यंत ते काम पूर्ण करूनच ते युरोपला निघाले. त्याच वर्षी ते लेफ्टनंट कर्नल झाले आणि १८ जून, १८३३ रोजी कर्नल म्हणून सक्रिय सेवेतून निवृत्त झाले. दख्खनविषयीचे त्यांचे बहुतेक शास्त्रीय लेखन इंग्लंडला परतल्यानंतर प्रसिद्ध झाले आहे.

निसर्गविज्ञानातील कार्य

सस्तन प्राणी आणि पक्षी

१८३१ आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात साइक्स यांनी दख्खनमधील सस्तन प्राणी व पक्षी यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या. भीमाशंकरच्या जंगलात आढळणाऱ्या शेकरूच्या उपजातीचे वर्णन त्यांनी १८३१ मध्ये केले आणि तिला एल्फिन्स्टन यांच्या सन्मानार्थ एल्फिन्स्टोनी असे नाव दिले. शेकरू हा आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. दख्खनमधील रानकुत्रा, म्हणजे कोळसुंदा, याचेही शास्त्रीय वर्णन त्यांनी त्याच वर्षी केले. त्याच्या उपजातीच्या नावात दख्खनचा उल्लेख आहे.

पक्ष्यांपैकी ओढ्या-तळ्यांच्या काठी सर्वत्र दिसणारा वंचक अर्थात भारतीय पाणबगळा (आर्डिओला ग्रेयी) आणि माळरानावरील एक तुरेवाला चंडोल (गॅलेरिडा देवा) यांची वर्णने त्यांनी १८३२ मध्ये केली. हा चंडोल इंग्रजीत साइक्स यांच्याच नावाने ओळखला जातो. हिवाळ्यात भारतात येणाऱ्या इडुना रामा या वटवट्यालाही इंग्रजीत त्यांचेच नाव आहे.

दख्खनचे मासे

मत्स्यशास्त्रातील साइक्स यांचे मुख्य काम म्हणजे दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध. हा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे सादर झाला आणि त्याचा संक्षेप १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच या जातींच्या शास्त्रीय नावांपुढे साइक्स, १८३९ असे लिहिले जाते. चित्रांसह संपूर्ण निबंध १८४१ मध्ये छापला गेला. त्यात चाळीसहून अधिक जातींचा समावेश आहे.

काही जातींना त्यांनी प्राणिशास्त्रज्ञांची नावे दिली. विल्यम यॅरेल यांच्यावरून बॅगारियस यॅरेली, जॉन जॉर्ज चिल्ड्रेन यांच्यावरून सिलोनिया चिल्ड्रेनी आणि विल्यम ऑगिल्बी यांच्यावरून रोहती ऑगिल्बी ही नावे आली. मात्र बहुसंख्य माशांसाठी त्यांनी स्थानिक लोकांच्या तोंडची नावे जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिली आणि तीच शास्त्रीय नावे म्हणून स्वीकारली. त्यांची काही उदाहरणे पुढीलप्रमाणे आहेत:

• स्पेराटा सीनघाला – शिंगाळा. लांब मिशांचा, तळाशी राहणारा शिकारी मासा.
• रीटा गोग्रा – घोगरा. कठीण काट्यांचा मांजरमासा.
• मिस्टस सीनग्टी – शिंगटी. लहान आकाराचा मांजरमासा.
• गारा मुल्या – मळ्या. खडकाला चिकटून राहणारा लहान मासा.
• हिप्सेलोबार्बस कोलस – कोळस. कार्प कुळातील मासा.
• टॉर खुद्री – दख्खनचा महसीर. साइक्स यांना तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीत मिळाला.
• शिस्मॅटोरिंकस नुक्ता – नकटा. साइक्स यांनी त्याची नोंद इंद्रायणी नदीतून केली.

रोहती हे तर संपूर्ण प्रजातीचेच नाव झाले आणि ते आजही वापरात आहे.

इंद्रायणीतील नकटा

वरील यादीतील नकटा हा मासा पिंपरी-चिंचवड व चाकण परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. साइक्स यांनी त्याचे प्राप्तिस्थान पुण्याच्या उत्तरेस चाकणजवळची इंद्रायणी असे नोंदविले आहे. इंद्रायणी चाकण गावातून वाहत नाही. ती लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावते, देहूवरून येऊन चाकणच्या दक्षिणेस मोशी, चऱ्होली आणि आळंदी या गावांच्या काठाने पुढे जाते आणि तुळापूर येथे भीमेला मिळते. त्यामुळे साइक्स यांचे प्राप्तिस्थान याच पट्ट्यात किंवा त्याच्या आसपास असावे. शास्त्रीय भाषेत एखाद्या जातीचे मूळ वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून केले जाते, त्या ठिकाणाला आदर्श स्थान म्हणतात. नकट्याच्या बाबतीत हा मान इंद्रायणीला मिळाला आहे.

नकट्याच्या मुस्कटावर आडवी खाच असून त्यामुळे नाक तुटल्यासारखे दिसते. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. त्याचे तोंड खालच्या बाजूस असते आणि खडकावर वाढलेले शेवाळ खरवडून तो जगतो. वाहते, प्राणवायूयुक्त पाणी आणि स्वच्छ खडकाळ तळ या त्याच्या गरजा आहेत. सांडपाणी, कारखान्यांतील दूषित पाणी, बंधाऱ्यांमुळे थांबलेला प्रवाह आणि वाळूउपसा यांमुळे पुणे परिसरातील नद्यांचा तळच बदलला. कृष्णा खोऱ्यात नकटा अन्यत्र काही ठिकाणी आढळतो. परंतु ज्या नदीतून तो जगाला माहीत झाला, तिच्या शहरी पट्ट्यात आज त्याला जगण्याजोगी परिस्थिती उरलेली नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे.

गळमासेमारीशी संबंध

साइक्स यांचा निबंध छंद म्हणून मासे पकडणाऱ्यांसाठी लिहिलेला नव्हता. तरीही दख्खनच्या नद्यांत गळ टाकणाऱ्यांना ज्या मोठ्या माशांचे आकर्षण असते, त्यांपैकी महसीर, शिंगाळा, बॅगारियस आणि सिलोनिया यांची शास्त्रीय ओळख त्याच निबंधातून झाली. मरळ गटातील एका माशाचे वर्णनही त्यात आहे. भारतातील गळमासेमारीवरचे प्रसिद्ध पुस्तक, हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया', १८७३ मध्ये म्हणजे साइक्स यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी प्रसिद्ध झाले. महसीर पकडण्याच्या साधनांची आणि आमिषांची त्यात सविस्तर चर्चा आहे.

लाकूड किंवा प्लॅस्टिकपासून माशाच्या आकारात बनविलेली कठीण कृत्रिम आमिषे विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेत लोकप्रिय झाली. ती प्रामुख्याने तेथील बास या शिकारी माशासाठी घडविली गेली. फिनलंडमधील लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडापासून जखमी माशासारखे डोलत पोहणारे आमिष तयार केले आणि पुढे ते जगभर पोहोचले. बास हा उत्तर अमेरिकेतील मासा असून दख्खनच्या नद्यांत तो मुळात नाही. येथे त्याची जागा मरळ, महसीर आणि शिंगाळा यांसारखे मासे घेतात. त्यामुळे बाससाठी दिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. नवशिक्याला आमिष निवडताना आधी मासा ओळखावा लागतो. त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे, तो पाण्याच्या कोणत्या थरात राहतो आणि काय खातो, हे तीन प्रश्न त्यात महत्त्वाचे असतात. साइक्स यांच्यासारख्या वर्णनात्मक कामाचा उपयोग येथे होतो.

मरळ उथळ, संथ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात राहतो आणि हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येतो. त्याच्यासाठी तरंगणारे किंवा पृष्ठभागालगत पोहणारे आमिष योग्य ठरते. खोल बुडणारे आमिष अशा ठिकाणी वनस्पतींत अडकते. महसीर वाहत्या पाण्यात, खडकांच्या आडोशाला असतो. त्याच्यासाठी मध्यम खोलीवर पोहणारे लहान मत्स्याकार आमिष किंवा चमचा म्हणून ओळखले जाणारे धातूचे आमिष वापरतात. महसीराच्या घशात कठीण कवचे फोडणारे दात असतात आणि त्याचा पहिला झटका जोरदार असतो. म्हणून आमिषाला मूळचे नाजूक गळ असतील तर ते बदलून मजबूत गळ लावावे लागतात. शिंगाळा तळाशी राहतो आणि गढूळ पाण्यात मिशांच्या साहाय्याने भक्ष्य शोधतो. नजरेला भुलविणाऱ्या रंगीत आमिषाचा अशा पाण्यात फारसा प्रभाव पडत नाही. कंपन निर्माण करणारे, खोल जाणारे आमिष तेथे अधिक उपयोगी ठरते. नकटा, मळ्या यांसारखे शेवाळ खरवडणारे मासे मात्र कठीण आमिषाच्या मागे सहसा लागत नाहीत.

पूर्ण वाढलेला महसीर ही नदीची दीर्घकाळात तयार झालेली संपत्ती असल्याने, पकडलेला मासा इजा न करता पुन्हा पाण्यात सोडण्याची पद्धत अनेक गळकरी पाळतात. त्यासाठी तीन टोकांच्या गळाऐवजी एकेरी, आकडीविरहित गळ वापरला जातो. इंद्रायणीकाठी देहू आणि आळंदी या तीर्थक्षेत्री धार्मिक श्रद्धेमुळे मासे मारले जात नाहीत. अशा ठिकाणी गळ टाकणे टाळले जाते.

अन्य लेखन

साइक्स यांच्या लेखनाचे विषय विविध होते. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी केलेली पाहणी मुंबईच्या साहित्य संस्थेच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. दख्खनमधील जमीनधारणेच्या पद्धती, रेशमाच्या किड्याची एक स्थानिक जात आणि वातावरणाच्या दाबातील दैनंदिन चढ-उतार यांवर त्यांनी निबंध लिहिले. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. फाहियान या चिनी बौद्ध प्रवाशाच्या वृत्तान्ताच्या आधारे प्राचीन भारताच्या धार्मिक व राजकीय स्थितीवर त्यांनी १८४१ मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. त्यात बौद्ध धर्माच्या प्राचीनत्वावर भर होता.

इंग्लंडमधील सार्वजनिक जीवन

१८३४ मध्ये साइक्स रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापक सदस्यांमध्येही त्यांचा समावेश होता आणि पुढे त्यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. १८३५ ते १८४५ या काळात ते मनोरुग्णांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या आयोगाचे सदस्य होते. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर आले आणि १८५६ मध्ये त्या मंडळाचे अध्यक्ष झाले. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली.

संसदेत जाण्याचा त्यांचा १८४७ मधील पहिला प्रयत्न अयशस्वी ठरला. १८५७ मध्ये ते स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन मतदारसंघातून लिबरल पक्षाचे सदस्य म्हणून निवडून आले आणि मृत्यूपर्यंत त्या जागेवर राहिले. चीनमधील ताइपिंग उठावाच्या काळात ब्रिटिश सरकारने केलेल्या हस्तक्षेपावर त्यांनी संसदेत आणि लेखनातून टीका केली. १६ जून, १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

साइक्स यांच्या मत्स्यविषयक कामाच्या मर्यादा नंतरच्या संशोधकांनी दाखविल्या आहेत. त्यांची अनेक वर्णने त्रोटक आहेत आणि महसीरासह काही जातींचे मूळ नमुने उपलब्ध नाहीत. त्यामुळे चित्र आणि थोडक्या मजकुरावरून जात निश्चित करावी लागते. शिरूरजवळ घोड नदीतून त्यांनी मुसुल्ला या नावाने नोंदविलेला मासा दीर्घकाळ महसीर समजला जात होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतील असल्याचे मत मांडले.

दुसरी मर्यादा नोंदीच्या स्वरूपाची आहे. हे सर्वेक्षण नव्याने जिंकलेल्या प्रदेशाच्या कारभारासाठी आणि महसुलासाठी सुरू झाले होते. मासे पकडणारे, त्यांच्या जाती ओळखणारे आणि नावे सांगणारे लोक नदीकाठचे होते. शास्त्रीय नावांत एल्फिन्स्टन, यॅरेल आणि ऑगिल्बी यांच्या स्मृती राहिल्या. माहिती देणाऱ्या मासेमारांपैकी कोणाचेही नाव त्या नामावलीत नाही. त्यांनी वापरलेले शब्द मात्र राहिले. शिंगाळा आणि शिंगटी, घोगरा आणि नकटा असा फरक करणारी दृष्टी मुळात त्यांची होती.

या कामाचे महत्त्व काळाबरोबर वाढत गेले. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या भारतीय माशांवरील ग्रंथात साइक्स यांच्या जातींचा परामर्श घेतला आहे. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यानंतरही मुळा, मुठा व इंद्रायणी या नद्यांची वेळोवेळी पाहणी झाली. या सर्व पाहण्यांमध्ये तुलनेचा आरंभबिंदू साइक्स यांचीच यादी असते. धरणे, महानगर आणि कारखाने येण्यापूर्वी या नद्यांत काय होते, याची ती सर्वांत जुनी शास्त्रीय नोंद आहे. कोणता मासा नाहीसा झाला हे सांगण्यासाठी तो पूर्वी होता याचा पुरावा लागतो आणि तो पुरावा या यादीतून मिळतो.

टॉर खुद्री या महसीराचा पुढील इतिहास या दृष्टीने बोलका आहे. मुळा-मुठेच्या शहरी पात्रातून तो दिसेनासा झाला. त्याच वेळी लोणावळा येथील टाटा कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात त्याचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि त्याचे बीज देशातील अनेक जलाशयांत सोडण्यात आले. ते कावेरी नदीतही सोडले गेले. तेथील मूळच्या कुबड असलेल्या महसीराच्या ऱ्हासाशी या बाहेरून आलेल्या महसीराचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे. कावेरीतील ती जात आज अतिसंकटग्रस्त आहे, तर टॉर खुद्री २०१८ पासून लाल यादीत कमी चिंतेच्या वर्गात आहे. एक मासा आपल्या मूळ नदीत दुर्मीळ आणि परक्या नदीत विपुल व्हावा, ही स्थिती मूळ प्राप्तिस्थानांच्या नोंदी जपण्याची गरज स्पष्ट करते.

साइक्स यांच्या नावाशी निगडित जाती

• साइक्सचा चंडोल (गॅलेरिडा देवा)
• साइक्सचा वटवट्या (इडुना रामा)

साइक्स यांनी वर्णन केलेल्या काही जाती

• शेकरूची भीमाशंकर उपजात (१८३१)
• कोळसुंद्याची दख्खन उपजात (१८३१)
• वंचक किंवा भारतीय पाणबगळा (१८३२)
• दख्खनचा महसीर (१८३९)
• नकटा (१८३९)
• शिंगाळा (१८३९)
• घोगरा (१८३९)
• मळ्या (१८३९)